एकशे सतरा नंबरचा ठिपका

गौतमीचा फायदा किती होणार होता? वीस मिनिटं. बस्स.

ही घडलेली गोष्ट आहे. गौतमी माझी मावसबहीण. तिच्याच तोंडून ऐकली, आणि सांगताना तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

गेल्या वर्षीचा मार्च, मंगळवार, दुपारचे पावणेतीन. ही काही भुतांची वेळ नव्हे, मलाही कळतं.

कारेगावच्या एका ऑफिसात ती स्क्रीनसमोर बसायची. स्क्रीनवर विदर्भातल्या एका कोळसा खाणीचा नकाशा. खाली उतरलेला प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी म्हणजे एकेक ठिपका. माणसाचा टॅग डोक्यावरच्या दिव्याच्या कमरपट्ट्यात. खाली जाताना पट्टा घ्यायचा हाताला लागेल तो, म्हणून नंबरावरून नाव कळायचं नाही.

सुरुंग उडवायचा असेल त्या भागात एकही ठिपका नको. मगच गौतमीने परवानगी द्यायची.

पण कामगार वस्ताद! जड पट्टा खुंटीला अडकवून डबा खायला जायचे. ठिपका तिथेच, सुरुंग खोळंबलेला. अशा वेळी खालच्या फोनवर विचारायचं, असा नियम. पण फोन उचलायला खाली कोण बसलंय?

तोड सांगितली विनोदने. तिचा धाकटा भाऊ, त्याच खाणीत टॅग दुरुस्त करणारा. तिच्याच शब्दावर लागलेला.

"ताई, वीस मिनिटं हलला न्हाई की समज खुंटीवर हाय. टाक खोडून."

"आन् माणूस असला तर?"

"माणूस वीस मिनिटं गप बसतो व्हय? तू बसतीस का कवा?"

त्या दिवशी खुटबावला, घरी, तिला बघायला पाहुणे येणार होते. राहू गावचं स्थळ, मुलगा नोकरीत पर्मनंट. तीनची बस चुकली तर केस धुवायलाही वेळ नव्हता.

आणि एकशे सतरा नंबर नुकताच थांबला होता.

वीस मिनिटं थांबायचं म्हणजे बस गेली.

ठिपका जरासा... थरथरला.

"नेटवर्क," ती पुटपुटली. खोडला. परवानगी दिली.

खाणीवरून फोन आला तेव्हा बस न्हावऱ्याच्या पुढे होती.

एकशे सतराचा पट्टा विनोदच्या कमरेला होता, आणि छताचा दगड त्याच्या पायावर पडला होता. त्याला जागचं हलता येत नव्हतं.

पुढचं सुरुंगाने केलं.

मावशी, म्हणजे तुळजाबाई, रडत नव्हती. लेकीचा हात धरून एवढंच म्हणाली, "तू बसली व्हतीस ना तिथं? तुला दिसत व्हता ना? मंग एकटा न्हाई गेला म्हणायचा माझा विनू."

गौतमीने मान डोलावली. दुसरं काय करणार?

विनोदच्या नावाने विहारात पुण्यानुमोदन झालं. ती कामावर परतली.

तोवर खाणीचा तो भाग भिंत घालून बंद केला होता. यंत्रं काढलेली, फोनची तारही तोडलेली. स्क्रीनवर तिथे नुसता काळा चौकोन.

पावणेतीन वाजले.

काळ्या चौकोनात... एक ठिपका.

एकशे सतरा.

शेजारच्या टेबलावरच्या शाकीरला तिने हाक मारली. त्याने बघितलं, मग खुर्ची हळूच मागे ओढली. "वो टॅग तो टूट गया था ना, मॅडम?"

ठिपका थरथरत होता. इकडे... तिकडे. दिवा हातात धरून कुणी हलवावा तसा.

तिने नियमाप्रमाणे खालचा फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

रिंग वाजली.

तार तोडलेली... तरी वाजली.

कुणीतरी उचलला. आधी नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज. मग धाप.

"ताई... मी हलत व्हतो की गं."

त्यात राग नव्हता, असं ती सांगते. राग असता तर बरं झालं असतं, असंही म्हणते.

राहूच्या पाहुण्यांनी दुसरीकडे जमवलं. खाण चालू आहे. ठिपका रोज येतो, आणि ती रोज फोन लावते. आता पलीकडून कुणी बोलत नाही.

त्या वीस मिनिटांचं देणं विनोदने एकदाच भरलं. गौतमी रोज भरते. मावशीला खरं ठाऊक नाही, तिच्या वाट्याचं अजून तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. ते नेऊन कुणी द्यायचं, हे आम्हा दोघींनाही ठरवता येत नाही.