पायाशी बोलणारी सून

ही कुठली तऱ्हा? सून कामावरून घरी यायची, चपला काढायची आणि आधी माईंच्या पायाशी बोलायची, माईंशी नाही. पायाशी वाकून पट्टीलाच विचारायची, "काय रे, त्रास दिलास का आज?" माईंना झोंबायचं. त्रेपन्न वर्षं या घराचा गाडा ओढला त्यांनी, आणि मान नडगीला.

नडगीवरची जखम वर्षभराची. साखरेनं पोखरलेलं मांस काही केल्या भरेना. "महिन्याभरात भरली नाही, तर इथून कापावा लागेल," म्हणत डॉक्टरांनी गुडघ्याखाली बोट फिरवलं होतं. शेवटचा उपाय सुनेनं सुचवला. ती जळितांच्या वॉर्डात नर्स. पोटात बाळाभोवती पातळ पडदा असतो, तो बाळंतिणी दान करतात. धुऊन, तपासून, गोठवून ठेवतात आणि अशा हट्टी जखमेवर लावतात. कुणाचा, ते सांगत नाहीत. बाटलीवर नुसता आकडा.

सुनेनं तो पडदा चिमट्यानं उचलला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आरपार दिसेल असा. नडगीवर टेकला आणि माईंना जुने दिवस आठवले. पाय पसरून याच नडग्यांवर तीन पोरं निजवलेली. मधल्याचं डोकं जड. धाकटी झोपेतही कुरकुरायची. नातवाला निजवायचं मात्र राहून गेलं. गेल्या साली सुनेचं सिझर झालं, आणि चौथ्या दिवशी पाळणा रिकामा. "या घरात त्याचं नाव काढायचं नाही," असं माईंनीच बजावलेलं. तेव्हापासून सून कामापुरतंच बोलायची. दानाच्या कागदावर तिनंही सही केली होती, सिझरच्या आदल्या दिवशी.

"आठवड्यात वाळून आपोआप गळेल," ती म्हणाली होती.

गळला नाही. जखम मात्र भरली. वर कातडी आली ती गुलाबी, मऊ, एक सुरकुती नसलेली. पाय वाचला, डॉक्टर खूश.

मग सून कामाला गेली की तेवढीच जागा तापू लागली. दुपारपर्यंत धडधडायची. माईंची शाळा दुसरीपर्यंत, पण मोजणी पक्की. घड्याळ समोर ठेवून त्यांनी मोजलं. त्यांच्या नाडीच्या दुप्पट.

दाराशी चपला वाजल्या की शांत.

एका दुपारी माईंनी पाय पसरले आणि हलवले, पूर्वीसारखे, हळूहळू. धडधड जराशी मंदावली. दुधाचा वास आला.

संध्याकाळी सून आली. नेहमीसारखी वाकली.

"पुटपुटणं पुरे," माई म्हणाल्या. "नाव घेऊन बोल त्याच्याशी. आणि उद्यापासून रजा टाक. माझ्या एकटीच्यानं तो निजत नाही."