वखारीतला समुद्र

"अहो बाई! अहो... थांबा! काय टाकताय त्यात?"

विमलाचा हात तसाच टाकीवर राहिला, आणि दचकल्यामुळे मुठीत उरले होते तेही कुरमुरे पाण्यात पडले. बाहेर आश्विनातली अवकाळी सर कौलांवर ताडताड वाजत होती. लुगड्याचा काठ भिजून घोट्याला चिकटला होता, आणि समोरून बाह्या कोपरापर्यंत सारलेला, ओल्या हातांचा एक तरुण धावत येत होता.

"कुरमुरे," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"कुरमुरे! समुद्रातल्या माशांना?"

"देवळाच्या तळ्यातले खातात की."

"ते देवळातले. त्यांना प्रसादाची सवय असते. हे आमचे..." तो स्टुलावर चढून जाळीनं कुरमुरे काढू लागला. "हे आमचे अजून सुधारलेले नाहीत."

विमलाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. "मरतील का हो ते?"

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. रागावलेलाच होता, पण तिचा चेहरा बघून त्याचा राग कुठल्या कुठे गेला. "छे, मरतात कसले! पाणी बदलीन. तुम्ही आधी पदर डोक्यावरून घ्या, वर कौल गळतंय."

आता तुम्ही म्हणाल, रत्नागिरीला समुद्र दारात, मग मासे बघायला वखारीत कशाला जायचं? काखेत कळसा नि गावाला वळसा! बंदरावरचे लोकही हेच म्हणून हसत होते. पण १९३४ साली मुंबईच्या कुणा हौशी धनिकानं मांडवीच्या वाटेवरची जुनी वखार भाड्यानं घेतली, तीत आठ उंच काचेच्या टाक्या मांडल्या, आणि जिवंत मासळी बघायला पहिली रांग लागली ती बामणआळ्यांतून. कारण सरळ आहे. ज्या घरात जेवताना मासळीचं नाव काढायचं नाही, त्या घरातल्या पोरांनी समुद्रातला मासा बघितलेला असतो तो फक्त दशावतारांच्या चित्रात. विमला त्यातलीच. भैरीच्या देवळातून परतताना ती वाट वाकडी करून आली होती, आणि ओटीत प्रसादाचे कुरमुरे होते. पुण्य करायला गेली आणि पाप पदरात घेऊन आली!

ती आली होती टेहळणीला. भावाच्या तीन पोरांना, म्हणजे हेमा, बाबू आणि चिमाला, हे मासे दाखवायचे असं तिनं मनाशी घेतलं होतं. भाऊ राजाभाऊ कचेरीत कारकून. घर तसं भरलेलं. पण भरल्या घरात माणूस किती एकटं असू शकतं ते विमलाला विचारावं. तेविसावं सरलं होतं. सात वेळा दाखवून झाली होती आणि सातही ठिकाणांहून एकच निरोप आला होता, मुलगी फार उंच आहे. माडासारखी वाढली म्हणून आळीत कुजबुज व्हायची. हल्ली ती दारातून जातानासुद्धा वाकायची, दार उंच असलं तरी. दुपारी सगळं घर निजलं की ती पडवीत बसायची. दूरवर समुद्र गाजत असायचा, कावळा ओरडायचा, आणि आपण इथे बसलोय हे जगात कुणालाच माहीत नाही असं तिला वाटायचं. पोरं तिला आत्ते म्हणायची, वहिनी वन्सं म्हणायची, राजाभाऊ तर नुसतंच "अगो" म्हणायचा. विमला म्हणून शेवटची हाक कुणी मारली होती, तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मासे जगले का ते विचारायला नको?

"सगळे खुशाल आहेत," तो म्हणाला. "बावीस हंडे पाणी बदललं फक्त."

"अगोबाई! मी... माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळेच. आता प्रायश्चित्त घ्या. टाकीवरची ती माशाच्या नावाची चिठ्ठी सुटलीय, तेवढी चिकटवून द्या. माझा हात पोचत नाही, तुमचा पोचेल."

विमला थबकली. आजवर तिची उंची कुणी काढली ती नाक मुरडूनच. पण तो आपला खळीची वाटी पुढे करून उभा, जणू तिखटमीठ मागावं इतक्या सहज. तिनं चिठ्ठी चिकटवली. मग तिच्या लक्षात आलं, तो तिच्याहून दोन बोटं बुटका होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"नाव काय तुमचं?" त्यानं विचारलं.

"विमला."

"मी गोपाळकृष्ण ओक. गुहागरचा. विमलाबाई, उद्या भरती दुपारी आहे. पाणी काचेसारखं असेल."

तर असं ते सुरू झालं. पोरांच्या सहलीचा बेत ठरवायला विमला पंधरा दिवसांत सहा वेळा वखारीत गेली. अहो, एवढी तयारी वऱ्हाडालासुद्धा लागत नाही! पोरांना किती वाजता आणू? ती सापासारखी वाम चावते का? लाडवांचा डबा कुठे ठेवायचा? चिमा चार वर्षांची आहे, ती भ्यायली तर? एकेका प्रश्नाला एकेक दिवस. गोपाळकृष्णही काही कमी नव्हता.

"वाम चावते का ते आजच सांगितलं, तर उद्या काय विचाराल?"

"उद्या? उद्या मी कशाला येत्ये?"

"बरं. मग परवा सांगतो."

ती ओठ दाबून हसायची. काचेपलीकडून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मासा संथ जायचा, त्याची हिरवट सावली दोघांच्या अंगावरून सरकायची, आणि... दोघंही गप्प व्हायची. त्या गप्प बसण्यात तिला एकटं वाटत नसे. घरी परतताना चढ लागला की मात्र ती दिवस मोजू लागायची. कार्तिकी पौर्णिमेनंतर टाक्या बोटीनं मुंबईला जायच्या होत्या. टाक्यांबरोबर तोही.

एकदा तो म्हणाला, "मुंबईला समुद्र आहे, पण तिथे चिठ्ठ्या कोण चिकटवणार?"

"स्टूल घ्या एखादं उंच," ती म्हणाली. असं का म्हणाले मी, म्हणून मग रात्रभर स्वतःवर चरफडली.

शेवटी त्रयोदशीचा दिवस ठरला. भावाला सांगितलं तर कधी नव्हे तो राजाभाऊ लगेच हो म्हणाला. "आम्ही सगळेच येऊ. मात्र तिथे एक खुर्ची ठेवायला सांग. एकीला उभं राहवत नाही." वहिनीचे गुडघे दुखत असतील असं समजून विमलानं तसं सांगितलं, आणि गोपाळकृष्णानं शेजारच्या पेढीतून खुर्ची आणून वर आपली घडी घातलेली सतरंजीही टाकली.

त्रयोदशीला सकाळी विमलानं लाडू भरले, पोरांना न्हायला घातलं, आणि वहिनी हातात जांभळं रेशमी लुगडं घेऊन उभी राहिली.

"वन्सं, हे नेसा."

"मासे बघायला रेशमी?"

गोदावहिनीनं मान खाली घातली. ती वाईट बाई नव्हती. "चिपळूणचे वकील येणारेत तिथे. बिजवर आहेत, दोन मुलं आहेत. बहिणीला घेऊन येतायत. हे म्हणाले, घरी नको, वखारीत अंधार असतो... तुम्ही आधीच जाऊन खुर्चीत बसायचं. ती माणसं जाईपर्यंत उठायचं नाही. हे ठिकाण गेलं तर पुन्हा बघणार नाही, म्हणालेत."

नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात, इथे तर लग्न ठरायच्या आधीच विमलाचा जीव अर्धा झाला. आपला एकुलता एक दिवस! तोही यांनी घेतला. खुर्ची आपल्यासाठी होती, आणि आपण आपल्याच तोंडानं ती मागून आलो. तिनं लुगडं नेसलं. नाही म्हणायची सवयच नव्हती.

वखारीत गोपाळकृष्णानं हसून विचारलं, "गुडघे कुणाचे दुखतात?"

"माझे," विमला म्हणाली आणि खुर्चीत बसली.

त्यानं जांभळं लुगडं पाहिलं, राजाभाऊची इस्तरीची टोपी पाहिली, आणि त्याचं हसू मावळलं. तो मागे जाऊन हंडे भरू लागला. विमलाला वाटलं, ओरडून सांगावं की मला ठाऊक नव्हतं हो! पण राजाभाऊ शेजारीच उभा होता.

वकील आले. गोल, गोरे, घड्याळाची साखळी लावलेले, स्वभावानं बरेच असावेत. पण उंची म्हणाल तर देवानं हात आखडलेला. त्यांच्या अक्कांनी आधी मासे पाहिले, मग विमलाला पाहिलं, दोन्हीकडे सारखंच निरखून.

"वाचता येतं? सोवळ्याचा स्वैपाक? दात दाखव बघू." मग अक्का म्हणाल्या, "जरा चालून दाखव."

"पाय मुरगळलाय तिचा," राजाभाऊ घाईनं म्हणाला.

"कधी?" बाबूनं विचारलं. वहिनीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात चिमानं भोकाड पसरलं. पट्ट्यांचा मासा वर गेला होता आणि तिला दिसत नव्हता. "आत्ते, उचल ना गो! आत्ते, जाईल तो!"

सगळे विमलाकडे बघू लागले. राजाभाऊ डोळे वटारत होता. मागे हंड्यातलं पाणी पडायचं थांबलं होतं. विमलानं चिमाच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं. पंधरा दिवस जपलेला बेत, आणि पोरीला साधा मासा दिसू नये? मग आपण आलो कशाला?

ती उठली. वाकली नाही, पाठ ताठ करून सगळीच्या सगळी उभी राहिली आणि चिमाला उचलून खांद्यावर घेतलं. वकिलांची पगडी तिच्या कानापर्यंतही पोचेना.

"दिसला!" चिमा टाळ्या पिटत ओरडली.

बाबूनं वहिनीचा हात झटकला. "वकीलकाका, तुम्हांला दिसत नाही का? आत्ते उचलेल तुम्हांला!"

झालं! अक्का तरातरा निघाल्या. वकील जाताना "लोभ असावा" म्हणाले बिचारे, पण साखळी चाचपत अक्कांच्या मागोमाग गेले.

राजाभाऊ खुर्चीत कोसळला. "संपलं. आता आयुष्यभर बसा घरात."

"राजाभाऊ," मागून आवाज आला. गोपाळकृष्ण पंच्याला हात पुसत उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. "मला... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर... विमलाबाईंना मी मागणी घालतो."

सवयीनं राजाभाऊच्या तोंडून निघालं, "गोत्र?"

"वासिष्ठ."

राजाभाऊनं बोटांवर हिशेब केला. गोत्र जमत होतं, तोच मोठा घोटाळा! "पण अहो, तुम्ही दिवसभर मासळीत हात घालता! लोक काय म्हणतील?"

"हात धुता येतात," गोदावहिनी म्हणाली. लग्नाला दहा वर्षं झाली, पण नवऱ्याला चारचौघांत उत्तर दिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. "बहिणीला वखारीत अंधारात लपवून बसवली, ते लोकांना चालतं वाटतं?"

"आणि मला कुणी विचारणार आहे की नाही?" विमला म्हणाली.

इतकं मोठ्यानं ती घरच्यांसमोर पहिल्यांदाच बोलली होती. गोपाळकृष्ण वळला. दोघांच्या मध्ये चिमा होती, लाडू खात. तो अगदी हळू बोलला. "विचारतो. पण आधी एक ऐका. माझा पगार बेताचा आहे, खोली लहान आहे, आणि बोटीवर मला मळमळतं. तुम्ही दोन दिवस आला नाहीत ना, तेव्हा मी टाक्या तीनतीनदा पुसल्या. करमतच नव्हतं. विमलाबाई... याल माझ्याबरोबर?"

"मला इतकी वर्षं करमलं नाही," ती म्हणाली, आणि मग तिला थांबवेना. "मी वामेचं विचारायला येतच नव्हत्ये. लाडवांचंही नाही. तुम्ही नावानं हाक मारता ना, ती ऐकायला येत होत्ये. होय. येईन. कुठेही येईन."

राजाभाऊनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि उपरण्यानं तोंड पुसलं. "उद्या गुहागरला तुमच्या वडिलांना पत्र टाकतो," तो पुटपुटला. "मार्गशीर्षात मुहूर्त असतात."

बैलगाडी झाडगावातल्या घराकडे निघाली तेव्हा उन्हं कलली होती. बाबू आणि चिमा पेंगत होती. विमला मागे तोंड करून बसली होती. वखारीच्या दारात तो अजून उभा होता, वळणापर्यंत दिसला. तिला हसावंसं वाटत होतं आणि कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

हेमा तिच्या कुशीत सरकली. आठ वर्षांची पोर, सगळं ऐकून गप्प बसलेली. "आत्ते, मुंबई लांब आहे?"

"बोटीनं एक दिवस."

"मग माझी वेणी कोण घालणार? आई ओढते. दुपारी तुझ्याजवळ पडवीत कोण बसणार? मी निजत्ये थोडीच, तू बसतेस ते मी खिडकीतून बघत असत्ये रोज."

विमलाच्या इतक्या दुपारी घरात आपण असलो काय नि नसलो काय असं म्हणत गेल्या, आणि हे पोर रोज खिडकीशी जागं होतं. हे कळलं कधी, तर जायचं ठरल्यावर. तिनं हेमाला पुढ्यात ओढलं, रिबीन सोडली आणि चांगली घातलेली वेणी पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. बोटांना घाई नव्हती.

"घट्ट घाल हां," हेमा म्हणाली. "पुष्कळ दिवस राहायला हवी."