दोर कोणी धरला

मॅथियास आमच्या धुळ्यातल्या घरी राहायला आला तेव्हा त्याच्या सामानात कपडे कमी आणि दोर जास्त होते. साल अठ्ठ्याऐंशी. ऑस्ट्रियातला हा आडदांड पोरगा साक्री तालुक्यातल्या काळ्या कातळभिंतींचा अभ्यास करायला वर्षभरासाठी आला होता. मी कॉलेजात भूगोल शिकवते, म्हणून प्राचार्यांनी त्याला माझ्या गळ्यात बांधलं. यजमान दीपनगरला नोकरीला, वरची खोली रिकामीच होती.

आठवडाभर अभ्यास, पण रविवार उजाडला की साहेबांना चढायला दगड हवा. लळिंग झालं, सोनगीर झालं. हा कातळ ठिसूळ, तो बुटका, त्याला भेगाच नाहीत. मुलगी बघायला निघालेल्या नवरदेवासारखा तो दर वेळी नाक मुरडून परत यायचा. अहिराणी मात्र झपाट्यानं शिकला. गल्लीतल्या बायका त्याला मथूभाऊ म्हणत, आणि मी त्याची अक्का.

मला त्या चढाईत काडीचा रस नव्हता. पण एकदा त्याच्या आईचा ट्रंक कॉल आला. ती जर्मनमध्ये बोलत होती, मला एक अक्षर कळेना. शेवटी तिनं कुठून तरी शिकलेलं "अक्का" म्हटलं आणि रडायला लागली. मी मराठीतच सांगून टाकलं, की तुमचा मुलगा जसा आला तसा परत पाठवीन. त्यानंतर तो जाईल तिथं मी जायला लागले. दोर कमरेमागून घेऊन, पाय रोवून कसा धरायचा, हेही त्यानं मला शिकवलं. त्याच्या वजनापुढं मी म्हणजे चिपाड, पण दुसरं होतं कोण?

जानेवारीत त्याला हवी तशी भिंत सापडली. पिंपळनेरच्या पुढे, एका पाड्याच्या मागे, सरळसोट, काळी, वर आग्या मोहोळं लटकलेली. वाट दाखवायला पाड्यावरचा गुलाब आला होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. पूर्वी या भिंतीवरून मध काढत, आता कोणी चढत नाही, एवढंच त्यानं सांगितलं.

पायथ्याशी दगडात दोन खळगे होते. दोर धरणाऱ्यानं टाचा रोवायच्या ती जागा, पिढ्यान्‌पिढ्या झिजलेली. मी तिथं बसले. सगळीकडे सावली, दगड गार, पण मी बसले तेवढी जागा उबदार होती. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. ऊन येऊन गेलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. भिंत उत्तरेकडं तोंड करून होती. तिथं जानेवारीत ऊन येत नाही, हे भूगोलाच्या बाईला कळायला हवं होतं.

"अक्का, दोर कोन धरी?" गुलाबनं विचारलं.

"मी."

"तुम्ही त्याना साला शेतस का?" तो हसत नव्हता. "आमना आठे दोर सालाच धरस. बहीणना कुकूसाठे तो मरी पन दोर सोडत नही. ज्यानं लगीन नही, तो चढत नही."

मी मॅथियासकडं पाहिलं. तो कमरेला गाठ मारत होता. त्याला भारी मजा वाटली. भिंतीकडं तोंड करून तो मोठ्यानं ओरडला, "मनं लगीन नही! जो दोर धरी, तो मना साला!"

वर मोहोळांची घुमघुम चालली होती, ती थांबली.

"आठे असं बोलानं नही," गुलाब म्हणाला आणि चार पावलं मागं सरला. मला वाटलं, थंडीनं माश्या गप्प झाल्या असतील. मॅथियास तोवर चढायला लागला होता.

तो सुरेख चढायचा, ते कबूल केलं पाहिजे. भेगेत खिळा ठोकायचा, दोर अडकवायचा, पुढं सरकायचा. मी दोर सोडत होते. मागून विडीचा वास येत होता. गुलाब ओढत असेल म्हणून पाहिलं, तर गुलाब पार बाजूला, पळसाखाली, दोन्ही हात छातीशी धरून उभा.

मग वरून खडा आला. पाठोपाठ खिळा.

मी मान वर केली. मॅथियास हवेत होता.

दोर हातातून सुटून धावला. मी धरला नाही. भीतीनं माझी बोटं उघडली, हे मला आजही स्वच्छ आठवतं. आईचं रडणं कानात होतं आणि दोन्ही तळहात उघडे होते.

दोर थांबला.

मॅथियास भिंतीला आपटला, लोंबकळला, शिवी हासडली. जिवंत होता.

दोर माझ्या कमरेमागून ताणलेला होता. माझ्या कमरेवर मात्र भार नव्हता.

मग तो हळूहळू खाली सुटू लागला. थोडा सुटायचा, थांबायचा, पुन्हा सुटायचा. मागं कोणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

मी मागं वळले नाही.

पाय जमिनीला लागल्यावर मॅथियासनं मला उचलूनच घेतलं. "अक्का, काय धरलास! माझ्या गावातसुद्धा असं कोणी धरत नाही!" मी त्याच्या पाठीत धपाटे घातले, शिव्या दिल्या आणि ढसढसा रडले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. पोरगं धडधाकट होतं, बाकीचं जग गेलं खड्ड्यात.

पाणी प्यायला आम्ही पाड्यावर पार्वताबाईंच्या दारात थांबलो. म्हातारी एकटीच राहायची. गुलाबनं तिला सगळं सांगितलं.

"दोर कोनी धरा?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"हात दखाड, माय." तिनं माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले. एक ओरखडा नव्हता. "हिनी नही धरा," ती गुलाबला म्हणाली. "लोटननी धरा."

गुलाबनं मला बाजूला नेलं. लोटन तिचा मुलगा. बहीण सुंदर हिच्यावर त्याचा फार जीव. हिचा नवरा भिंतीवर चढेल तेव्हा दोर मीच धरणार, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. सुंदरचं लग्न ठरलं, हळदीच्या आधी दोघं बहीणभाऊ पुरात गेले.

मी ऐकून घेतलं. खरं सांगते, घाबरले नाही. असेल लोटन, नसेल लोटन. त्यानं हे पोरगं मला परत दिलं होतं, मी त्याला मनातल्या मनात हात जोडले.

पार्वताबाईंनी मॅथियासच्या पायांवर कोमट पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, गूळ दिला. पाहुणचार समजून तोही खुशीत होता.

पिंपळनेरची जीप आली. मागच्या भागात आम्ही दोघंच, समोरासमोरच्या बाकांवर. मॅथियास शीळ घालत होता. मी डोळे मिटून त्याच्या आईला काय सांगायचं ते जुळवत होते. जीप निघणार तेवढ्यात पार्वताबाई मागच्या फळीशी आल्या. माझ्याकडं पाहिलं नाही, त्याच्याकडंही नाही. त्याच्या डाव्या हाताच्या रिकाम्या बाकाकडं पाहून त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"नीट नांदजो वं, माय."

गाडी हलली. मॅथियास शीळ घालतच होता. घालता घालता, बाहेर बघत, तो उजवीकडं थोडा सरकला आणि शेजारी जागा करून दिली.