शुद्धिपत्राचे चार रकाने

मी सकाळी नऊला लिहायला बसतो आणि दुपारी एकला उठतो. मधे एकदाच चहा. बावीस वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढल्यामुळे ही सवय हाडात मुरली आहे. वेळ ठरलेली नसेल तर मला वाक्यच सुचत नाही. दैनिक बंद पडलं तेव्हा मी रहस्यकथा लिहायला घेतल्या. खुनाच्या, काळ्याकुट्ट, शेवटी कोणाचंच भलं न होणाऱ्या. प्रकाशक मिळेना म्हणून स्वतःच छापल्या. लेखक मी, प्रकाशक मी, पाकिटांवर पत्ते चिकटवणाराही मीच. आजवर सहा झाल्या. सातवी चालू आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माझं टेबल असं ठेवलंय की खुर्चीतून बाहेरचं दार आणि दाराशी काढलेल्या चपला दिसतात. माझ्यासोबत ताई राहते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, त्रेपन्न वर्षांची. लग्न तिनंही केलं नाही, मीही नाही. एका दातांच्या दवाखान्यात ती नावनोंदणी बघते. चारच्या पुढे घरी येते, पर्स आपटते आणि विचारते, "काय रे खुन्या, आज किती मारले?"

"एकच."

"बस? एवढ्यासाठी दिवसभर पंखा चालवलास?"

डेस्कवरची एक रीत मी पुस्तकांत आणली. झालेली चूक लपवायची नाही, दुसऱ्या दिवशी त्याच पानावर कबूल करायची. म्हणून माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी माझा पत्ता असतो आणि एक ओळ असते: चूक दिसल्यास कळवावी. पुढच्या पुस्तकात मागच्याचं शुद्धिपत्र छापतो. पान, ओळ, छापलेले, हवे. चार रकाने.

पाचव्या पुस्तकानंतर टपालानं एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत अरुंद कागद, निळी शाई, पट्टीनं आखलेले चार रकाने. पान ६१, ओळ ९. छापलेले: चांदणं पडलं होतं. हवे: अमावास्या होती.

कथेत मी तारीख दिली होती. जुनं कॅलेंडर काढून पाहिलं, तर त्या दिवशी खरंच अमावास्या होती. असा वाचक मिळायला नशीब लागतं. सहाव्या पुस्तकात मी त्याचे आभार मानले.

सहाव्यानंतर दुसरं पाकीट आलं. पान ११२, ओळ ४. छापलेले: पायांत तपकिरी चपला होत्या. हवे: एकच चप्पल होती. दुसरी जिन्याच्या वळणावर राहिली.

हे मी दोनदा वाचलं. अमावास्या पडताळून बघता येते, पण जिन्यावरून पडून मरणारी ही बाई मी मनानंच रचली होती. तिच्या पायात काय होतं हे ठरवणारा मी. कागद ताईला दाखवला.

"बरोबर आहे की त्याचं," ती म्हणाली. "जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या दोन्ही चपला पायात राहतील होय? तू कधी पडलायस का?"

ती हसली, म्हणून मीही हसलो. दुरुस्ती शुद्धिपत्रात घ्यायची ठरवली.

तिसरं पाकीट आलं तेव्हा सातवं पुस्तक छापलेलंच नव्हतं.

पाकिटावर तिकीट नव्हतं. खालच्या टपालपेटीत ते कोणीतरी हातानं टाकलं होतं. पान ४०, ओळ ११. छापलेले: वय सेहेचाळीस. हवे: त्रेपन्न. मी संगणकावर चाळिसावं पान काढलं. अकराव्या ओळीत त्या बाईचं वय होतं. याही पुस्तकाच्या शेवटी जी जिन्यातून पडून मरते, तिचं. सेहेचाळीस.

हा मजकूर माझ्याखेरीज एकाच माणसाकडे होता, पानं लावून देणाऱ्याकडे. त्याला फोन केला.

"अहो, मी वाचत नाही, फक्त मांडतो," तो म्हणाला. "तुमचं वाचलं तर मला जेवण जायचं नाही. आणि दाखवू कोणाला? घरी नाव काढलं तरी बायको ओरडते."

तो खोटं बोलणारा माणूस नाही. मी पानं मागे उलटली. ती बाई कितव्या वर्षी नोकरीला लागली, तिथे किती वर्षं होती, मधे किती काळ घरी बसली, सगळं मीच लिहिलं होतं. बेरीज त्रेपन्न येत होती. मला भीती वाटली, पण चूक ती चूक. मी दुरुस्त केली.

पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन दुरुस्त्या आल्या. तिचा डावा गुडघा दुखतो असं मी लिहिलं होतं; हवे: उजवा. तिची घराची किल्ली पर्समध्ये होती. हवे: गळ्यात, पांढऱ्या दोऱ्याला. गुडघ्याचं तर्काला धरून होतं, कारण मी तिला ज्या बाजूनं कठडा धरायला लावला होता त्यावरून पाय उजवाच असायला हवा होता. किल्लीचं नुसतंच चांगलं होतं. असं काही आपल्याला सुचायला हवं होतं, असं वाटण्याइतकं चांगलं. दोन्ही दुरुस्त्या मी एका सोमवारी केल्या.

बुधवारी ताई घरी आली तेव्हा तिच्या गळ्यात पांढऱ्या दोऱ्याला किल्ली होती.

"हे काय?"

"पर्समध्ये सापडत नाही रे मेली. दारात उभं राहून पाय मोडतात माझे." ती बसली आणि गुडघा चोळायला लागली. उजवा.

"ताई, तुझा डावा दुखायचा ना?"

"डावा? कधी? काहीतरीच तुझं."

दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचा फोटो काढायला मीच तिला घेऊन गेलो होतो. गाडीतून उतरताना तिचा डावा पाय मी हातानं उचलून खाली ठेवला होता. ते मला स्वच्छ आठवतं. कपाटातून ती काळी फिल्म काढून खिडकीशी धरली. कोपऱ्यात तिचं नाव होतं, तारीख होती, आणि पुढे लिहिलं होतं: उजवा.

मी फिल्म परत पाकिटात घातली. ताई आत गुणगुणत कपडे बदलत होती.

दोनशे तीन पानावर ती बाई मरते. गुरुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात. त्या दिवशी इमारतीची लिफ्ट बंद असते. आमची लिफ्ट चालू होती, एवढाच मला धीर.

दुसऱ्या दिवशी मी सगळं मागे फिरवलं. सेहेचाळीस, डावा, पर्स. शुक्रवारी पेटीत तेच तीन बदल पुन्हा आले. मी शेवट बदलला, बाईला वाचवलं. शनिवारी आलं: पान २०३, ओळ ७. छापलेले: वाचली. हवे: वाचली नाही. मी ते प्रकरणच पुसून टाकलं. जेवून परत आलो तर ते जागेवर होतं.

सोमवारी सकाळी लिफ्टच्या दाराला पाटी लागली. बंद आहे.

तेव्हा मला डेस्कवरची जुनी खोडी आठवली. नवा मुद्रितशोधक आला की आम्ही मजकुरात एक चूक मुद्दाम पेरायचो. पकडली तर माणूस जागा आहे, नाही तर चहा त्याच्याकडून.

मंगळवारी मी दोनशे तीन नव्यानं लिहिलं. बाई खरेदीची पिशवी घेऊन येते आणि खालून हाक मारते. तिचा धाकटा भाऊ, वय एकोणपन्नास, तिला चढावं लागू नये म्हणून खाली उतरतो आणि पडतो. बाईला काही होत नाही. गुरुवार, चार वाजून वीस मिनिटं, सगळं तसंच ठेवलं.

फक्त एक चूक पेरली. जिन्याला तेरा पायऱ्या लिहिल्या. आमच्या जिन्याला बारा आहेत. अकरा वर्षं मी त्या चढताना मनात मोजतो. पाकिटं टाकणारा ही चूक पकडेल, कळवेल, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कळवलेली चूक दुरुस्त करणार नाही. जो जिना नाहीच, त्यावरून कोणी पडत नाही.

बुधवारी काही आलं नाही.

आज गुरुवार. सकाळी ताईला म्हटलं, "आजची रात्र मैत्रिणीकडे राहा ना. मला शेवट लिहायचाय, घरात कोणी नको."

"तुझ्या पुस्तकातल्या बाया ऐकतात तुझं," ती चपला घालत म्हणाली. "मी नाही. आणि आज खरेदीचा वार आहे."

ती गेल्यावर मी आतून कडी लावली.

अकराला चहा करायला उठलो. परत आलो तर टेबलावर, माझ्या चष्म्याखाली, अरुंद कागद होता. पाकीट नव्हतं. कडी तशीच होती.

चार रकाने. पान: २०३. ओळ: सर्व. तिसरा रकाना कोरा. चौथ्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: चूक आढळली नाही.

मी दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. वरूनच मोजल्या. मग एकेकीवर बोट रोखून पुन्हा मोजल्या.

तेरा.

पावणेतीनपासून हे लिहितो आहे. निदान कुठेतरी घडलं तसं लिहिलेलं असावं. ताईला सात फोन केले, बसमध्ये ती उचलत नाही. आधीच खाली जाऊन थांबावं म्हणून दोनदा उठलो. दोन्ही वेळा पहिल्या पायरीवर पाय टेकवेना.

पण गेलो नाही तर ती जड पिशवी घेऊन त्या गुडघ्यावर एकटी चढेल. मग जुनंच पान खरं होईल.

चार वाजून सतरा मिनिटं.

खालचं दार वाजलं.

"अरे, आहेस ना घरात? खाली ये जरा, पिशवी जड आहे!"

पानावर हेच वाक्य आहे. एका शब्दाचाही फरक नाही.

"आलो, ताई!" मी ओरडलो. "तिथेच थांब. एकही पायरी चढू नकोस."

"थांबलेय रे बाबा. ये सावकाश."

उठतो आहे. इथून दार दिसतं. ताईच्या घरातल्या सपाता दाराशी नीट जोडीनं ठेवलेल्या आहेत. त्यांच्या शेजारी माझी तपकिरी चप्पल.

एकच.