पावणेदोन तासांचा माणूस

गोष्ट २०२३ सालची. दिल्लीतल्या द्वारकेच्या वल्लरीला केंद्र सरकारच्या नोकरीची परीक्षा द्यायची होती, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच खेप होती. याआधी दोनदा ती आपटली होती – दोन्ही वेळा काळ, वेग आणि अंतराच्या गणितांत.

एके दिवशी मेट्रोत पुस्तक उघडून ती गणितातल्या माणसावर करवादली, "अरे मेल्या, कधी पायी, कधी गाडीनं... घरी बस ना एकदाचा!"

दिल्लीत मराठी कळतंय कुणाला, अशा भरवशावर होती ती. शेजारचा तरुण खुदकन हसला.

"तो घरी बसला, तर पेपर काढणाऱ्यांनी काय करायचं?"

तो अंशुमन. द्वारकेतच राहतो म्हणाला, रविवारी शिकवीन म्हणाला. वल्लरीच्या आईनं, वीणाताईंनी, पोह्यांवर सौदा ठरवला.

पण शिकवणी कसली, भांडणच! तो हमखास उशिरा यायचा, घामाघूम, आणि फिरून फिरून एकच गणित घालायचा – एक माणूस अठ्ठेचाळीस किलोमीटर मेट्रोनं जातो, ताशी बत्तीसच्या वेगानं. मग एक किलोमीटर पायी, ताशी चारच्या वेगानं. एकूण वेळ किती?

वल्लरी फिरून फिरून बत्तीस आणि चारची सरासरी काढायची.

"अहो, वेगांची सरासरी नाही काढायची! प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा काढा, मग बेरीज. किती वेळा सांगू यार?"

"आणि तुम्ही दुसरं गणित कधी घालणार? वीट आलाय मला या माणसाचा!"

"इतक्यात...?" तो पुटपुटला, आणि पोह्यांवर लिंबू पिळत राहिला.

परीक्षेआधीच्या रविवारी तो अर्धा तास उशिरा आला. तोवर रागारागानं तिनं ते गणित सोडवलं होतं. मेट्रोचा दीड तास, पायी पाव तास. पावणेदोन... जमलं की! आणि पेन तिथंच थांबलं. स्टेशनपासून तिचं घर बरोबर एक किलोमीटर. अठ्ठेचाळीस किलोमीटर मागं गेलं, तर मेट्रोचं दुसरं टोक...

"तुम्ही द्वारकेत राहत नाही," दार उघडताच ती म्हणाली.

"नोएडा. सेक्टर बासष्ट," तो चपलांकडे बघत म्हणाला. "भेटलो त्या दिवशी इथं माझ्या कुमुदआत्याकडे आलो होतो."

"जाऊन-येऊन साडेतीन तास? सहा महिने? सरळ सांगता येत नव्हतं?"

"सांगत होतो की... दर रविवारी. तुम्हीच सरासरी काढत बसलात."

ती भडकलीच. मग बाजूला होऊन तिनं त्याला आत घेतलं. गाल मात्र तापले होते.

"शनिवारी माझा पेपर. रविवारी नऊला तू तिकडून नीघ, मी इकडून. वेग सारखाच. कुठं भेटू?"

"चोवीस किलोमीटरवर," तो हळूच म्हणाला.

"पाऊण तासात. उशीर चालणार नाही!"

वल्लरी पास झाली, आता सरकारी कचेरीत फायली हलवते. दोघांनी घर घेतलं तेही अधेमधेच, पटेल नगरला. कुमुदआत्या लग्न आपण जमवलं म्हणून सांगतात. वीणाताई पोह्यांना श्रेय देतात. अंशुमन अजूनही उशिराच येतो, आणि "घरी बस ना एकदाचा!" हे वल्लरी आता पुस्तकाला नाही, त्याला ऐकवते.