लख्ख धुतलेली टाकी

पाणी इतकं नितळ होतं की काचेपलीकडे काहीच नाही असं वाटावं. आणि त्या नितळ पाण्यात केशरचा जीव घुसमटत होता.

शाल्मली टाकीसमोर गुडघे टेकून बसली होती. केशर पाण्याच्या अगदी वरच्या थराशी येऊन तोंड उघडत होती, मिटत होती. तिचे कल्ले (मासे ज्यांनी श्वास घेतात ते अवयव) भराभर हलत होते आणि आतून लालभडक दिसत होते. तिच्याहून लहान असलेली टिकली खडकाच्या कपारीत अंग चोरून बसली होती. दोघीही क्लाउनफिश, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, बोटाएवढे समुद्री मासे. अजून पुरत्या वाढलेल्याही नव्हत्या.

शाल्मलीला काही केल्या कळेना. तीनच दिवसांपूर्वी तर तिने टाकी घासूनपुसून लख्ख केली होती. मग बिघडलं काय?

शाल्मली अकरा वर्षांची झाली तोवर समुद्राचं पाणी तापून दक्षिणेकडची पुष्कळ प्रवाळं मेली होती. त्यांच्या आश्रयाने राहणारे क्लाउनफिशही दिसेनासे होत चालले होते. म्हणून किनाऱ्यावरच्या एका संवर्धन केंद्राने त्यांची पिल्लं वाढवून, एकेक जोडी घराघरांत सांभाळायला दिली होती. प्रवाळं पुन्हा रुजली की या जोड्यांची पिल्लं समुद्रात सोडायची होती. वेंगुर्ल्याच्या मयेकरांकडे जोडी आली ती आबांमुळे. आबा म्हणजे शाल्मलीचे आजोबा, जन्मभर माशांचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. पण जोडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत आबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. टाकी शाल्मलीच्या हाती आली.

मदतीला पाणक्या होता. गोगलगायीसारखा काचेवरून सरकणारा छोटा यंत्रमानव. तो पाणी तपासायचा आणि काय आढळलं ते बोलून सांगायचा. त्यापलीकडे त्याला काही कळत नसे.

आबा घरी येणार त्याच्या आदल्या दिवशी शाल्मलीने टाकी धुवायला काढली. मासे बादलीत ठेवले. खडकांवर तपकिरी बुळबुळीत थर चढला होता, तो तिने मोरीत गरम पाण्याने घासून काढला. फिल्टरमधला मळकट स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा केला. तळाची वाळू धुतली. सगळं खारं पाणी नवं भरलं. आबा आले तेव्हा दारातूनच टाकीकडे बघून हसले. "छान ठेवलीस गं," एवढं म्हणून ते आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी पाणक्या म्हणाला, "पाण्यात अमोनिया वाढतो आहे. मोठ्या माणसांना सांग."

शाल्मलीने आबांच्या खोलीकडे पाहिलं. आईने बजावलं होतं, आबांना कसलाही ताण द्यायचा नाही. आई स्वतः औषधं आणायला गेली होती. पाणक्या पुन्हा तेच म्हणाला. शाल्मलीने त्याचा आवाज बंद केला. संध्याकाळी आई परत आली, तेव्हाही शाल्मलीने तिला काही सांगितलं नाही. सकाळपर्यंत होईल आपोआप ठीक, असं तिने स्वतःला सांगितलं.

आता सकाळ झाली होती. केशर एका बाजूला कलली, तशी शाल्मली उठली आणि आबांच्या खोलीत गेली.

"आबा, केशरला श्वास घेता येत नाहीये."

आबा आईच्या खांद्याचा आधार घेत बाहेर आले. टाकीकडे एकदा पाहून त्यांनी विचारलं, "पाणक्या काय म्हणतो?"

शाल्मलीने खाली बघतच आवाज सुरू केला. पाणक्याने सांगितलेला आकडा ऐकून आबा खुर्चीत बसले.

"निम्मं पाणी काढ. ड्रममध्ये साठवलेलं खारं पाणी सावकाश ओत. घाई नको."

आई पाणी उपसू लागली, शाल्मली ओतू लागली. दोघींचेही कपडे भिजले. दुपारपर्यंत टिकली कपारीबाहेर डोकावली. केशर मात्र तळाशी गेली आणि मग तिचे कल्ले हलायचे थांबले.

आबांनीच जाळीने तिला बाहेर काढलं आणि ओल्या फडक्यावर ठेवलं.

"तू काय काय धुतलंस?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

शाल्मलीने सगळं सांगितलं. खडक, स्पंज, वाळू, गरम पाणी, नळ.

"म्हणजे विष बाहेरून आलं नाही," आबा म्हणाले. "मासा श्वास घेतो, खातो, तेव्हा त्याच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. समुद्र एवढा मोठा की तिथे तो विरून जातो. टाकीत कुठे जाणार?"

"पण मग इतके दिवस कसं काही झालं नाही?"

"कारण कोणीतरी तो खात होतं. त्या तपकिरी थरात आणि त्या स्पंजात जीवाणू (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म जीव) राहत होते. त्यातले काही अमोनिया खातात आणि त्याचा नायट्राइट करतात. तोही विषारीच. पण दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचा नायट्रेट करतात. तो फारसा बाधत नाही. अधूनमधून थोडं पाणी बदललं की निघून जातो."

शाल्मली ऐकत होती. तिच्या डोळ्यांसमोर मोरीतून वाहून गेलेलं तपकिरी पाणी आलं.

"ते सगळे मी धुऊन टाकले."

"काही गरम पाण्याने मेले. काही नळाच्या पाण्याने. त्यात क्लोरीन असतो, आपल्याला रोग होऊ नयेत म्हणून घातलेला. कुठला जीवाणू कामाचा, ते त्याला कळत नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, आणि तोही नुसता हलवून. हे मी तुला शिकवायला हवं होतं. राहून गेलं."

शाल्मलीने विचारलं, "काल सांगितलं असतं तर वाचली असती का?"

आईने आबांकडे पाहिलं. नाही म्हणून टाका, असं त्या नजरेत होतं.

आबा म्हणाले, "हो. बहुतेक वाचली असती."

शाल्मली रडली नाही. मान हलवून तिने केशरला उचललं आणि अंगणात माडाच्या मुळाशी पुरलं.

केंद्राला कळवणं भाग होतं. तिने स्वतःच फोन केला आणि पाणक्याचा आवाज बंद केल्याचंही सांगितलं. टिकलीला परत नेतील याची तिला खात्री होती, म्हणून तिने मासे न्यायची पिशवी धुऊन तयार ठेवली. दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या तांडेलबाई आल्या. त्यांच्या हातात एक बरणी होती आणि तिच्यात मळकट स्पंजाचा तुकडा.

"आमच्या जुन्या टाकीतला आहे," त्या म्हणाल्या. "यात जीवाणू आहेत. फिल्टरमध्ये ठेव, हळूहळू पसरतील. तोवर रोज थोडं पाणी बदलायचं आणि खाणं अगदी कमी."

"टिकलीला नेणार नाही?"

"हलवली तर तिला आणखी त्रास होईल. आणि ती एकटी पडली आहे. तिला ओळखीच्या जागी राहू दे."

टिकली खरोखरच एकटी पडली होती. खाणं टाकलं की दोन घास खायची आणि थांबायची, जणू दुसरं कोणी येण्याची वाट बघत असावी. शाल्मली रोज बादल्या वाहत होती. आबा खुर्चीत बसून बघत. पाणक्या आकडे सांगे. अमोनिया उतरला, तेव्हा नायट्राइट चढला. मग तोही उतरू लागला. खडकांवर पुन्हा पुसट तपकिरी छटा दिसू लागली.

आणि एका सकाळी पाणक्या म्हणाला, "अमोनिया नाही. नायट्राइट नाही."

शाल्मलीने बादली खाली ठेवली आणि ती रडू लागली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. आबांनी तिला रडू नकोस म्हटलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून ते बसून राहिले.

ती शांत झाल्यावर ते म्हणाले, "तांडेलबाई म्हणत होत्या, पावसाळ्यानंतर एक लहान पिल्लू देतील. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात. जोडीत जो मोठा, तो पुढे मादी होतो. आता टिकली मोठी ठरेल. दोन-एक वर्षांनी अंडीही घालेल."

"आणि ती पिल्लं समुद्रात जातील?"

"प्रवाळं तोवर रुजली तर जातील. लावणारे लावताहेत."

शाल्मलीने डोळे पुसले. नव्या पिल्लाचं नाव काय ठेवायचं, ते आबांनी विचारलं. ती म्हणाली, ते आत्ता नाही ठरवायचं. मग तिने टिकलीसाठी चिमूटभर खाणं घेतलं आणि पाण्यावर सोडलं.