झालेला बाप्तिस्मा

"मग काय, मी तुला नुसतं भिजवलं होतं?" लाटणं पोळपाटावर आपटत अनितानं गौरवला, तिच्या धाकट्या भावाला, विचारलं.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. गौरवचं तेजलशी लग्न ठरलं होतं; पण तिचे वडील नदीत बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. तान्हेपणी डोक्यावर घातलेलं पाणी त्यांना मान्यच नव्हतं; लग्नाआधी गौरवनं त्यांच्या हातून बाप्तिस्मा घ्यायलाच हवा होता. "विश्वासाशिवाय पाणी म्हणजे आंघोळ," असं ते म्हणाले होते, आणि ते वाक्य अनिताच्या काळजात कुसळासारखं रुतलं होतं.

कारण ते पाणी तिनं घातलं होतं. आई बाळंतपणात गेलेली, बाळ निळं पडत चाललेलं, अनिताच्या चर्चचे पाळक लोणावळ्याहून येईपर्यंत उशीर झाला असता... प्राणावर बेतलं तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, एवढं शाळकरी अनिताला ठाऊक होतं. ओंजळीनं तिनं पाणी घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं... आणि बाळ रडलं. त्या जिवापायी तिनं स्वतःचा संसार मांडला नाही, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून त्याला शिकवलं. आणि आता म्हणे ती आंघोळ होती.

"माणूस जन्मतो एकदा. बाप्तिस्मा किती वेळा घ्यायचा रे?"

"ताई, मला तरी कुठं पटतंय? पण तेजल..."

"तेजल, तेजल. जा, बुड एकदाचा."

रविवारी आंबीजवळ इंद्रायणीकाठी ती वैतागतच गेली. गौरव कमरेइतक्या पाण्यात तेजलच्या पाळक वडिलांसमोर उभा होता.

"याआधी तुझा बाप्तिस्मा झालेला नव्हता, हे मान्य करतोस?"

गौरवनं वळून ताईकडे पाहिलं. काठावर तेजलचा चेहरा पांढराफटक पडला. अनितानं त्या पोरीकडे पाहिलं मात्र, आणि चपलांसकट ती पाण्यात उतरली.

"नव्हता झाला," ती म्हणाली. "मी पोरसवदा होते. घाबरून पाणी शिंपडलं, बाकी काही नाही. द्या त्याला."

आयुष्यभर उराशी जपलेली एकच पवित्र गोष्ट तिनं अशी सगळ्यांदेखत टाकून दिली.

"खोटं बोलतेय ती," गौरव म्हणाला. "माझा बाप्तिस्मा झालाय, पाळकसाहेब. हिनं दिलाय. ते नाकारून मी कोणत्या तोंडानं देवापुढं उभा राहू?"

पाळकांनी उचललेला हात खाली घेतला. "मग आमच्या मंडळीत हे लग्न लागणार नाही."

"ताईंच्या चर्चमध्ये लागेल, बाबा," काठावरून तेजल हळूच म्हणाली. "तुम्ही आशीर्वादाला या."

पाळकांनी एकदा लेकीकडे, एकदा अनिताकडे पाहिलं. मग शेवाळलेल्या दगडावरून अनिता घसरू नये म्हणून त्यांनी हात पुढे केला. "या, ताई. सांभाळून."

"महिनाभर माझं डोकं खाल्लंस, आणि हे बोलायला आत्ता सुचलं होय?" तो हात धरत ती भावावर करवादली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत रडली.